डॉल्फिनच्या मडगार्डवरचा तडा

प्रश्न : वडिलांनी जपलेली सिपानी डॉल्फिन ही जुनी गाडी आमच्याकडे आहे. मागच्या मडगार्डला, चाकाच्या वर, बोटभर तडा गेलाय. गॅरेजमध्ये दोनदा पुट्टी भरून रंग मारला. चार-सहा महिन्यांत त्याच जागी रेघ उमटते. पार्ट मिळत नाही. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : १९८२ च्या सुमारास बंगळूरहून निघालेल्या या गाड्यांची अख्खी बॉडी फायबरची. तिला पत्र्याचे उपाय लावू नका. पुट्टीत जोर नसतो. गाडी हादरली की ती चिरते. जोर काचेच्या धाग्यात असतो आणि तो आतून द्यावा लागतो. मी आधी होड्यांवर हेच काम केलं, मग गाड्यांवर.

चाक काढा, कमानीतला चिखल धुवा, दोन दिवस खडखडीत वाळू द्या. पावसाळ्यात हे काम हाती घेऊच नका, दिवाळीनंतर करा. मग नाण्याने तड्याभोवती टिचक्या मारत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथले थर सुटलेत. तेवढा भाग घासून काढावाच लागेल.

तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. आतली बाजू तड्यापासून दोन-दोन इंच ८० नंबरच्या पेपरने खरबरीत करा, ॲसिटोनने पुसा. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच. ही धूळ फुफ्फुसात जाते.

धागे चिकटवणारं पॉलिएस्टर रेझिन घ्या, तेही कोबाल्ट (ते लवकर घट्ट करणारा द्राव) आधीच घातलेलंच मागा. सुटा कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम हार्डनर पुरे. मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चादरीचे, तीन तुकडे कापा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, आणि आतून तड्यावर एकावर एक लावा. ब्रश ओढू नका, टोकाने ठोकत ठोकत रेझिन मुरवा. पांढरी मॅट भिजली की काचेसारखी आरपार दिसू लागते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा अडकलीय, पुन्हा ठोका.

दुसऱ्या दिवशी बाहेरून तडा व्ही आकारात उकरा, कातरलेले धागे रेझिनमध्ये कालवून भरा. ते घासून सपाट झालं की वर पुट्टीचा अगदी पातळ हात, मग प्रायमर.

रंगाची घाई मात्र करू नका. आठवडाभर गाडी सावलीत उभी ठेवा, नाहीतर आतला वास बाहेर पडताना रंगाला फोड येतात. आणि जवळचे बोल्ट बघा. एखादा करकचून आवळला असेल किंवा खालचा रबरी वॉशर गेला असेल, तर ताण तिथूनच येतोय. वॉशर नवा टाका.