डीएनए सारखा, मग पेशी वेगळ्या का?

प्रश्न : विभाजनात दोन्ही पेशींना सारखाच डीएनए मिळतो. मग एक मूलपेशी (जिच्यापासून इतर पेशी बनतात ती) राहते आणि दुसरी चेतापेशीच्या वाटेला कशी लागते?

उत्तर : वाटणी फक्त डीएनएची नसते. फळमाशीच्या मेंदूतील मूलपेशीत विभाजनाच्या वेळी एपीकेसी हे प्रथिन वरच्या टोकाला जमते आणि मिरांडा या दुसऱ्या प्रथिनाला तिथून हुसकावते. मिरांडा आणखी दोन प्रथिनांना, प्रोस्पेरो व ब्रॅट यांना, सोबत घेऊन तळाशी बसते. तुर्कतंतूंचा (विभाजनात गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढणाऱ्या धाग्यांचा) अक्ष वर-खाली लागला, की तळाच्या लहान पेशीला ही शिदोरी मिळते. प्रोस्पेरो तिच्या केंद्रकात शिरून मूलपेशीपणाची जनुके दाबते. खरी मेख अक्षातच आहे! तो 90 अंशांनी आडवा पडला, तर दोघींना सारखा वाटा मिळतो आणि बहुधा दोन्ही मूलपेशीच राहतात. ब्रॅट नसेल तर मेंदूत गाठी वाढतात.