प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रशिक्षण देताना, दुर्गम भागातील रुग्ण मागे राहू नयेत म्हणून, भर कशावर द्यावा?

सर्वाधिक भर हाताने नाडी पाहण्यावर आणि ती अनियमित लागल्यास त्याच भेटीत ईसीजी काढून वाचण्यावर द्यावा. कारण एट्रियल फिब्रिलेशनमुळे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित, विस्कळीत ठोक्यांमुळे) पक्षाघाताचा धोका सुमारे ५ पट वाढतो, आणि गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या वाडीवस्तीवरून आलेल्या रुग्णाला ‘कोल्हापूरला जाऊन दाखवा’ म्हटले की दिवसाची मजुरी बुडते व तपासणी बहुधा राहूनच जाते. धडधड किंवा थकवा सांगणाऱ्या स्त्रीची तक्रार ईसीजीआधीच ‘काळजीमुळे होते’ म्हणून निकाली काढू नये, हेही स्पष्ट शिकवावे. ऱ्हुमॅटिक हृदयरोगात (संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपा खराब होणाऱ्या आजारात) डाव्या बाजूची मायट्रल झडप मध्यम वा तीव्र अरुंद झाली असेल, तर रक्त गोठू न देणाऱ्या नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिनसारखे जुने औषधच द्यावे लागते (२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा तेच सरस ठरले). म्हणून आयएनआर तपासणी (वॉरफरिनचा डोस ठरवण्यासाठी रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) जवळपास कोठे व किती दिवसांनी होईल, हे ठरवल्याशिवाय नुसती चिठ्ठी लिहिण्यात अर्थ नाही. मात्र अधूनमधून येणारी अनियमितता एका ईसीजीत निसटू शकते, त्यामुळे लक्षणे कायम राहिल्यास हॉल्टर तपासणीसाठी (एक-दोन दिवस सतत ईसीजी नोंदवण्यासाठी) पाठवणे टाळू नये.