थरांची फिल्म मिठाच्या पाण्यात टिकते, मग पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये का सुटते?

तुमचा प्रश्न असा: काचेवर पीडॅडमॅक (धनभारित पॉलिमर) आणि पीएसएस (ऋणभारित पॉलिमर) यांचे आलटून पालटून 20 थर दिलेत. फिल्म 1 मोलर (लिटरला 1 मोल) मिठाच्या पाण्यात टिकते, पण 1 मोलर पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मऊ पडते आणि कडेने सुटते. आयन दोन्हीकडे तेवढेच, मग फरक का?

आयन तेवढेच असले तरी सगळे आयन पाण्याला सारखं घट्ट धरत नाहीत. या फिल्मला बांधून ठेवतात त्या पीडॅडमॅकचा धनभारित अमोनियम आणि पीएसएसचा ऋणभारित सल्फोनेट यांच्या जोड्या. मीठ आत शिरलं की क्लोराइड अमोनियमशेजारी बसतो, सोडियम सल्फोनेटशेजारी, आणि ती जोडी फुटते. ब्रोमाइड भोवतीचं पाणी सैल धरतो, ते सहज सोडून अमोनियमला बिलगतो. क्लोराइडला ते अवघड जातं, फ्लोराइडला त्याहून. आयोडाइड आणि थायोसायनेट ब्रोमाइडच्याही पुढचे. सल्फोनेटच्या बाजूने पोटॅशियमही सोडियमपेक्षा वरचढ, म्हणजे तुमच्या द्रावणात दोन्ही आयन फिल्मच्या विरोधात आहेत.

थोड्या जोड्या फुटल्या तर साखळ्या सरकतात, फिल्म फुगते, मऊ होते. हे बिघडणं नव्हे. 1 मोलर मिठात ठेवून खडबडीत फिल्म मुद्दाम गुळगुळीतही करतात. फार जोड्या फुटल्या की मात्र साखळ्या द्रावणात निघून जातात.

पण कडेने सुटणं ही मला वेगळीच तक्रार वाटते. फिल्म सगळीकडून सारखी पातळ होत असेल तर ती विरघळते आहे. पापुद्रा सुटत असेल तर पहिला थर काचेला धरलेला नाही, कारण आयन तिथलंही आकर्षण झाकून टाकतात. खात्री करायची तर क्वार्ट्झच्या स्लाइडवर तेच थर द्या (साधी काच चालणार नाही, ती मोजायचा अतिनील प्रकाशच शोषते) आणि पीएसएसचं शोषण 226 नॅनोमीटरच्या आसपास मोजा. मग पोटॅशियम ब्रोमाइडच्या 0.15, 0.5, 1 आणि 2 मोलर द्रावणांत प्रत्येकी अर्धा तास ठेवा. दरवेळी शुद्ध पाण्याने खळबळा, नायट्रोजनने सुकवा, पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला तर फिल्म नुसती फुगली होती. स्लाइड न धुता मोजलीत तर उरलेलं ब्रोमाइड स्वतःच अतिनील प्रकाश शोषून घोळ घालेल.

पापुद्रा सुटत असेल तर काच प्लाझ्माने साफ करून पहिला थर पॉलिइथिलीनइमाइनचा (काचेला घट्ट धरणारा धनभारित पॉलिमर) द्या. पुढे दोन्ही पॉलिमर लिटरला 1 ग्रॅम, 0.5 मोलर मिठात (500 मिलिलिटरला 14.6 ग्रॅम), 10 मिनिटं बुडवणं आणि मधे तीनदा एकेक मिनिट धुणं. धुण्याचं पाणी बदलत राहा, नाहीतर त्यातच दोन पॉलिमर भेटून गढूळ साका धरतो आणि तो फिल्मवर बसतो. शेवटचा थर पीएसएसचा ठेवा. पीडॅडमॅकवर संपवलं तर आत जादा धनभार आणि त्याचे सोबती आयन राहतात, आणि साध्या पाण्यात फिल्म जास्त फुगते.

फिल्म खरोखर विरघळत असेल आणि ब्रोमाइड टाळता येत नसेल, तर ही जोडीच बदला. पॉलिअलिलअमाइन आणि पॉलिअॅक्रिलिक अॅसिडची फिल्म 130 अंश सेल्सिअसच्या वर तापवली की एकाच्या अमाइन आणि दुसऱ्याच्या कार्बॉक्सिल गटांत अमाइड बंध बनतात आणि ते मिठाने तुटत नाहीत. पीडॅडमॅक–पीएसएसला हा उपाय लागू नाही. त्यांच्यात ना कार्बॉक्सिल आहे, ना मोकळा अमाइन.