भिगवणची खरी लोकसंख्या किती? दुकान टाकायचं तर कोणता आकडा धरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भिगवणला बेकरी टाकायचा विचार आहे. नेटवर लोकसंख्या बघितली तर एखाद्या बऱ्यापैकी खेड्याची दिसते, पण पुणे-सोलापूर हायवेवरून जाताना जो पसारा दिसतो तो तालुक्याच्या गावाला शोभेल असा. मग धंद्याचा हिशेब करताना खरं काय मानायचं?

मी मदनवाडीचा. बारामती रस्त्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. उजनी धरणाच्या काठावरच्या बहुतेक गावांतले शेतकरी जळालेली मोटार घेऊन कधी ना कधी दारात येतात, त्यामुळे कुठल्या गावात सध्या काय चाललंय ते न विचारता कळतं. त्या भरवशावर सांगतो.

तुम्ही बघितलेला आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता जी होतेय तिचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७, म्हणजे गावनिहाय नवे आकडे हातात यायला अजून वेळ आहे. एवढ्या वर्षांत हायवेच्या कडेला काय काय उभं राहिलं ते तुम्ही गाडीतून बघितलंच आहे.

पण जुना आकडा ही छोटी अडचण. मोठी अडचण अशी की जनगणना महसुली गावानुसार होते आणि तुम्हाला हायवेवरून जे ‘भिगवण’ दिसतं ते एक गाव नाहीच. भिगवण, भिगवण स्टेशन, तक्रारवाडी आणि आमची मदनवाडी अशा चार ग्रामपंचायती एकमेकींना चिकटून वाढल्यात. नगरपालिका वगैरे काही नाही. बारामती-राशीन रस्ता हायवेला जिथं मिळतो तो चौक मदनवाडीचा. पण एसटीच्या कंडक्टरला, रिक्षावाल्याला आणि पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याला ते भिगवणच. त्यामुळे ‘भिगवण’ एवढंच टाकून जो आकडा मिळतो त्यात ही सगळी वस्ती येत नाही. चारही नावं वेगवेगळी शोधा आणि बेरीज करा. (तक्रारवाडीच्या नावावरून विनोद करायचा मोह होईल. करू नका, तिथल्या लोकांचे सगळे ऐकून झालेत.)

ही वस्ती अशी विखुरलेली का, तर धरणामुळे. इथं तळ्यासारखं जे पाणी दिसतं तो भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साचून पसरलेलं पाणी. सरकारी नाव यशवंतसागर, पण बोलताना कोणी ते वापरत नाही. ‘धरण’ म्हटलं की झालं, मग प्रत्यक्ष भिंत इथून कितीही लांब, पार माढा तालुक्यात असली तरी. १९६६ ला काम सुरू झालं, १९८० ला पूर्ण झालं. त्याआधी हा भाग नदीकाठचा आणि रेल्वेचा होता. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली रेल्वे आधी आमच्या शेजारच्या डिकसळपर्यंतच आली आणि पुढच्या वर्षी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचली. काही महिने का होईना, डिकसळ हे शेवटचं स्टेशन होतं! धरण झाल्यावर रूळ हलले, नदीकाठची गावं वर सरकली, चांगली काळी जमीन पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यातच आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उघडं पडतं आणि मग तिथं फोटो काढणाऱ्यांची जत्रा भरते.

जमीन गेलेल्यांपैकी काही जण पुनर्वसनाच्या गावठाणात गेले, काही रस्त्याच्या कडेला आले. उरलेल्या जमिनीला पाणी मिळालं आणि ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. एकाच धरणानं शेजारच्या दोन घरांपैकी एकाला बागायतदार केलं आणि दुसऱ्याला मजूर. इथल्या माणसांबद्दल काही समजून घ्यायचं असेल तर आधी हे समजून घ्या. गिऱ्हाईक म्हणूनही ही दोन वेगळी माणसं आहेत.

आता पाण्याचा आणि माणसांच्या संख्येचा संबंध. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त भाग मृतसाठा, म्हणजे कालव्यांना न मिळणारा तळाचा साठा. पाणी त्या पातळीच्या खाली उतरलं की इथं ‘धरण मायनसमध्ये गेलं’ असं म्हणायची पद्धत आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. बाहेरच्याला वाटतं उणे म्हणजे खडखडाट. तसं नाही, पाणी असतं, पण कुठल्या कुठं मागे गेलेलं. मग शेतकरी मोटारी घेऊन पाण्याच्या मागे जातो: आज इथं, आठवड्यानं आणखी पुढे, पाइप जोडायचे, केबल वाढवायची, रात्री राखण ठेवायची कारण केबल कापून नेणारे असतात. माझ्या दुकानात मार्च ते जून पाय ठेवायला जागा नसते ती यामुळेच. गाळात बसलेली मोटार आणली की आधी तासभर नुसती धुवायची, वाइंडिंगपर्यंत पोचायचं नंतर. पाण्याबाहेर आलेल्या त्या जमिनीवर मग गाळपेर होते. कोणी मका टाकतो, कोणी चारा, कोणी कलिंगड. काही कुटुंबं तेवढ्या महिन्यांसाठी खाली खोपट टाकून राहतात आणि पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की पुन्हा वर येतात. ही माणसं कुठल्या गावच्या आकड्यात धरायची ते तुम्हीच सांगा.

मच्छीमारांचंही तसंच. परंपरेनं मासेमारी भोई समाजाची, पण आता जाळं टाकणारे सगळ्या जातींचे आहेत आणि बाहेरच्या राज्यांतूनही लोक येऊन काठावर पाल टाकतात. बारीक आसाच्या वडाप जाळ्यांवरून भांडणं होतात, कारण त्यात पिल्लंही निघून जातात. पूर्वी इथं मिळायचे ते देशी मासे कमी झाले. चिलापी या परदेशी माशानं धरण भरून टाकलंय. त्यात पुणे, पिंपरी-चिंचवडचं सगळं सांडपाणी भीमेतून इथंच येतं. उन्हाळ्यात पाण्याला जो हिरवा रंग चढतो तो बघून मासे खाणारेही दोन मिनिटं विचार करतात, मग खातात.

मासळी बाजार बघितल्याशिवाय दुकानाची जागा ठरवू नका, हे मात्र मनापासून सांगतो. सकाळी लवकर या. काठावरून टेम्पो, दुचाकी, मिळेल त्या वाहनानं क्रेट येत असतात. जमिनीवर चिलापीचा ढीग, बाजूला रोहू, कटला, एखादा मरळ किंवा वाम आली की तिच्याभोवती वेगळं कोंडाळं. अडत्या आकडे इतक्या वेगानं बोलतो की नवख्याला कळतच नाही लिलाव सुरू झाला कधी आणि सुटला कधी. बर्फ फोडायचा आवाज, ओले हात पुसत मोजलेल्या नोटा, आणि काम उरकून पुरता उजाडायच्या आत भुकेलेला एवढा जमाव. यातले निम्मे भिगवणचे नसतात, पण रोजचे असतात.

ऊसतोडीच्या हंगामात आणखी एक भर पडते. दिवाळीच्या आसपास बीड, आष्टी, पाटोद्याकडून टोळ्या येतात, साखर कारखान्यांच्या आसपास आणि फडांजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. गंमत अशी की जनगणना नेमकी याच दिवसांत होते. २०११ ची नोंदणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. नियम असा की नोंदणीचा सगळा काळ माणूस जिथं राहतोय तिथं तो मोजायचा. म्हणजे कागदोपत्री तरी ती कोप्यांतली माणसं इथली, आणि आमच्या आळीतली जी पोरं पुण्यात कंपनीत आहेत ती पुण्याची. तुम्ही जूनमध्ये दुकानाचं शटर उघडाल तेव्हा कोप्यांच्या जागी फक्त राख आणि पाचट असेल. मग ‘लोकसंख्या’ म्हणून जो आकडा तुम्ही घेऊन आलात त्यातला एक हिस्सा परजिल्ह्यात आपल्या घरी गेलेला असेल.

याच्या उलट, जे आकड्यात कुठंच नाहीत पण खरेदी इथंच करतात ते पलीकडच्या काठाचे लोक. फुगवट्याच्या त्या बाजूला सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका. कोंढार चिंचोली, टाकळी, जिंती या गावांना करमाळ्यापेक्षा भिगवण जवळ. दवाखाना, बियाणं, लग्नाचा बस्ता, मोटारीची दुरुस्ती, सगळं इकडे. त्यांचा रस्ता डिकसळच्या पुलावरून. तो मुळात इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा पूल, आणि आजची जड वाहतूक त्याला झेपत नाही. पुलाला काही झालं की आमच्या बाजारपेठेचा गल्ला लगेच खाली येतो. खालच्या अंगाला जिथं पूल नाही तिथं लोक बोटीनं येतात-जातात. २१ मे २०२४ ला कळाशी-कुगाव दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. रस्त्यानं वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून माणसं बोटीत बसतात. पाणी अडवताना पलीकडच्या गावांचा दळणवळणाचा प्रश्न सोडवायचा राहून गेला, हे माझं स्पष्ट मत आहे.

राहिले पक्षी बघायला येणारे. हिवाळ्यापासून कुंभारगाव, डिकसळकडे फ्लेमिंगो उतरतात, पाणी उथळ झालं की जास्त. धरण उशिरापर्यंत तुडुंब राहिलं तर तेही उशिरा. शनिवार-रविवारी पहाटे पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. कुंभारगावच्या पोरांनी होड्या, नाश्ता, जेवण, मुक्काम असं सगळं बसवलंय, आणि चांगलं बसवलंय. पण या गर्दीवर तुमची बेकरी चालेल असं समजू नका. ते लोक पोहे होडीवाल्याच्या घरी खातात, दुपारी चिलापी फ्राय हाणतात आणि चार वाजता हायवेला लागतात. भिगवणच्या पेठेत पायसुद्धा ठेवत नाहीत.

मग आकडा कसा काढायचा? मी तरी जनगणनेवर विसंबणार नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदार याद्या गाववार मिळतात. चारही गावांच्या, शिवाय डिकसळ, पोंधवडी, कुंभारगाव, भादलवाडीच्या काढा. त्यात अठराच्या खालचे नसतात आणि पुण्याला गेलेल्यांची नावं असतात. दोन्ही गृहीत धरा. मग शाळांमध्ये जाऊन पटसंख्या विचारा. शाळेच्या पोरांचा पट बेकरीला मतदार यादीपेक्षा जास्त उपयोगी. भादलवाडीच्या बाजूला कागद कारखाना आहे, तिथल्या पाळ्या कधी सुटतात तेही विचारून ठेवा. आठवडे बाजाराच्या दिवशी एकदा आणि कुठल्याही रिकाम्या मंगळवारी-बुधवारी एकदा, असं दोनदा पेठेत उभं राहून बघा. दोन चित्रांत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल.

जागेचं म्हणाल तर चौकात भाडं जास्त आणि गिऱ्हाईक धावतं. केक, पॅटिस तिथं खपेल. जुन्या पेठेत भाडं कमी, गिऱ्हाईक ओळखीचं, पण उधारी मागणारं. कारखान्याचं ऊसबिल आलं की ती उधारी फिटते, बिल लांबलं की तुमचीही लांबते, एवढी तयारी ठेवा. आणि मासळी बाजाराच्या जवळ गाळा मिळाला तर केकचा विचार बाजूला ठेवून खारी, बटर आणि पाव ठेवा, पण शटर पहाटे उघडावं लागेल. नऊनंतर तिथं ओला बर्फ आणि मांजरं सोडून कोणी नसतं.