युक्रेनमध्ये मदतसाहित्याची गाडी चालवायला स्वयंसेवक म्हणून जावे, की पैसे पाठवावेत?

तुम्ही विचारले आहे की अवजड वाहनाचा परवाना हाताशी आहे आणि पुण्यातल्या नोकरीतून दोन महिन्यांची रजा मिळते आहे, तर युक्रेनमधल्या नागरिकांसाठी मदतसाहित्याची गाडी चालवायला जाता येईल का, की घरचे म्हणतात त्याप्रमाणे पैसे पाठवून मोकळे व्हावे. यातल्या दुसऱ्या भागावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा २०२२ पासून वाद चालू आहे, त्यामुळे मला तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मी बर्लिनमध्ये राहते. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनच्या वीजयंत्रणेवर मोठे हल्ले सुरू केले आणि ऐन हिवाळ्याच्या तोंडावर दवाखाने, विस्थापितांचे निवारे, पाण्याचे पंप हे सगळे जनरेटरच्या भरवशावर आले. आम्ही काही सहकाऱ्यांनी आणि इथल्या चार मराठी कुटुंबांनी वर्गणी काढून पाच किलोवॉटचे नऊ जनरेटर घेतले आणि पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरातल्या ज्या संस्थेने ते मागितले होते तिच्या नावाने कागद तयार केले. दादाने सांगलीहून भारतीय दूतावासाची १९ ऑक्टोबरची सूचना पाठवली. युक्रेनला जाऊ नका आणि तिथे असाल तर मिळेल त्या साधनाने बाहेर पडा, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. खाली त्याने लिहिले होते, ‘डिझेलच्या आणि गाडीभाड्याच्या पैशांत आणखी एक जनरेटर आला असता. तू मदतीसाठी नाही, स्वतःच्या समाधानासाठी चालली आहेस.’

निघण्याच्या रात्री ओळखीच्या एका गृहस्थांनी दहावा जनरेटर आणून दिला. गाडीत जागा होती, वजन साडेतीन टनांच्या मर्यादेत बसत होते आणि नको म्हणणे माझ्या जिवावर आले. यादीत मात्र तो लिहायचा राहिला, आणि यादी माझ्याकडे होती. एक पोलिश सहकारी आणि मी आळीपाळीने गाडी चालवत २३ नोव्हेंबरच्या सकाळी पोलंडमधल्या कोर्चोवाच्या सीमेवर पोहोचलो. पलीकडे युक्रेनच्या बाजूला क्राकोवेत्सला कस्टम्सच्या अधिकाऱ्याने मोजणी केली: कागदावर नऊ, गाडीत दहा. ‘दहावा कोणासाठी?’ असे विचारून त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. मदतीच्या नावाने आलेला माल बाजारात विकला जाऊ नये म्हणून ही तपासणी असते आणि तो अधिकारी पूर्णपणे बरोबर होता. संस्थेकडून सुधारित कागद मागवेपर्यंत दुपारी क्षेपणास्त्रांचा मारा झाला, सगळ्या ल्विव्हची वीज गेली आणि संस्थेचा फोन लागेना. ते शहर सत्तरेक किलोमीटरवर अंधारात होते आणि त्याच्यासाठी आणलेले जनरेटर माझ्या न लिहिलेल्या एका ओळीमुळे अकरा तास सीमेवर अडकून पडले. सुटलो तेव्हा संचारबंदी लागली होती, म्हणून गाडीतच रात्र काढली. सकाळी गोदामातल्या बाईंनी एक शब्दही न बोलता माल उतरवून घेतला आणि पहिले दोन जनरेटर तिथल्या तिथे दुसऱ्या गाडीत चढवून एका निवाऱ्याकडे पाठवले. त्या निवाऱ्यात लहान मुले रात्रभर थंडीत होती, हे नंतर कळले. ते मला अजून सलते.

हे ऐकून दादा म्हणाला, ‘मी सांगत नव्हतो का?’ मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. त्या आठवड्यांत खिशात पैसे असूनही तिथे जनरेटर मिळणे अवघड झाले होते. पैसे बँकेतून सीमा ओलांडतात, पण ऐंशी-नव्वद किलोचा जनरेटर कोणीतरी चाकावरूनच न्यावा लागतो. आमची चूक जाण्यात नव्हती, यादीत होती. तांदूळ, साबण, कपडे अशा तिथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंबाबत मात्र दादाचे म्हणणे मला मान्य आहे, तिथे पैसेच पाठवावेत. जुने कपडे भरून जाणारी गाडी फक्त गोदामाची जागा अडवते.

म्हणून जायचे असेल तर नियमित फेऱ्या करणाऱ्या गटाबरोबर जा, घेणाऱ्या संस्थेची लेखी मागणी हातात असल्याशिवाय काहीही भरू नका, आणि ऐन वेळी आलेली वस्तू कितीही मोलाची असली तरी खाली ठेवा. १ डिसेंबर २०२३ पासून तर घेणारी संस्था युक्रेनच्या सरकारी प्रणालीत नोंदलेली असावी लागते आणि प्रत्येक खेपेला वेगळा संकेतांक लागतो.

हे सगळे मी फक्त ल्विव्हपुरते सांगते आहे, जे आघाडीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. आघाडीजवळच्या खारकिव्ह किंवा खेरसोनच्या बाजूला गाडी नेण्याबद्दल सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. गाडीवर संस्थेचे चिन्ह असले की ती सुरक्षित, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. १ एप्रिल २०२४ रोजी गाझामध्ये वर्ल्ड सेंट्रल किचन या अन्न पुरवणाऱ्या मदतसंस्थेच्या गाड्यांवर इस्रायली हल्ला झाला आणि सात जण मारले गेले, तेव्हा त्यांनी आपल्या हालचाली इस्रायली सैन्याला आधी कळवलेल्या होत्या. युद्धातले नुकसान साधारणपणे गाडीच्या विम्यात धरले जात नाही. भारतीय परवान्यावर तिथे अवजड ट्रक चालवता येईल असे गृहीत न धरता त्या गटाला आधी विचारा. भारतीय पासपोर्टवर युक्रेनचा व्हिसा लागतोच, शिवाय शेंगेन व्हिसा (पोलंडसह युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा सामायिक व्हिसा) अनेक प्रवेशांचा घ्या, कारण पोलंड सोडून पलीकडे गेलात की परतताना तो नवा प्रवेश धरला जातो.