वरच्या जबड्यात इम्प्लांटआधी हाड भरणं खरंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या वरच्या उजव्या दोन दाढा पाच वर्षांपूर्वी काढल्या. एक डॉक्टर म्हणतात इम्प्लांटच्या (दाताच्या मुळाजागी हाडात बसवायच्या स्क्रूच्या) आधी हाड भरा, आठ-नऊ महिने थांबा. दुसरे ओपीजी बघून (म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकच एक्स-रे) म्हणतात, ‘हाड आहे, आजच बसवतो.’ कोणाचं खरं, आणि खर्च किती?

‘ओपीजी बघून’ हे दोन शब्द वाचले आणि लिहायला बसलो.

वरची दाढ गेली की हाड दोन्हीकडून कमी होतं. हिरडीच्या बाजूने झिजतं आणि वरून सायनस (गालामागची हवेची पोकळी) खाली उतरतो. ओपीजी हे सपाट चित्र आहे. त्यातलं माप मशीनप्रमाणे वीस-पंचवीस टक्के फुगलेलं असतं, शिवाय गालाकडची आणि टाळूकडची बाजू एकावर एक पडते. टाळूकडे 6 मिमी आणि मधोमध अडीच मिमी हाड असलं, तरी चित्रात 7 दिसू शकतात.

नेमकी अशी एक केस माझ्याकडे निस्तरायला आली होती. दुसरीकडे ओपीजीवर 7 मिमी मोजून, सायनसचा तळ खालूनच हातोडीने उचलून 10 मिमीचा इम्प्लांट घातलेला. कागदावर टॉर्क (इम्प्लांट किती घट्ट बसला याचं माप) लिहिलेलाच नव्हता. चार महिन्यांनी टोपी बसवायला हिरडी उघडली तर इम्प्लांट जागेवर नाही. सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) सापडला, सायनसच्या तळाशी आडवा पडलेला. सायनसचं अस्तर सुजलेलं. गालाच्या बाजूने खिडकी करून तो काढला. त्याच बैठकीत हाड भरायचा मोह होतो, पण सुजलेल्या सायनसमध्ये भरलेलं हाड पिकतं, म्हणून नुसते टाके घातले. चार महिन्यांनी स्कॅन स्वच्छ आला, मग खरी सायनस लिफ्ट, म्हणजे अस्तर वर उचलून त्याखाली हाड भरणं.

ती अशी होते. हिरडी उचलायची, सायनसच्या तळापासून साधारण 3 मिमी वर हाडात खिडकी कापायची. पिएझो (कंपनांनी हाड कापणारं यंत्र) वापरला तर अस्तर फाटण्याचा धोका कमी. हे अस्तर जेमतेम मिलिमीटरभर, बहुतेकदा त्याहून पातळ. कच्च्या अंड्याचं कवच कापून आतला पापुद्रा शाबूत ठेवायचा सराव करतात तो याचसाठी. क्युरेटची (अस्तर सोडवायच्या हत्याराची) धार सतत हाडाला टेकलेली हवी, आणि अस्तर नाकाकडच्या भिंतीपर्यंत सुटायला हवं. तिथे आळस केला तर भरलेल्या हाडाला एकाच बाजूने रक्त मिळतं आणि आतला भाग कच्चा राहतो. या केसमध्ये जुन्या व्रणाला अस्तर चिकटलेलं होतं, 4 मिमी फाटलं. एवढं कोलॅजन मेंब्रेनच्या (पातळ पडद्याच्या) ठिगळाने सांभाळता येतं. सेंटीमीटरभर फाटलं तर मुकाट्याने बंद करून काही महिने थांबावं. मग दीड सीसी ग्राफ्ट (भरायच्या हाडाचे दाणे) हलक्या हाताने भरला. ठासून भरला तर दाण्यांमधून रक्तवाहिन्या शिरायला जागाच उरत नाही. आठ महिन्यांनी दोन इम्प्लांट घट्ट बसले. नऊ महिने वाचवायला निघाले होते, गेलं दीड वर्ष.

‘तीस वर्षं ओपीजीवरच काम केलं, काही बिघडलं नाही’ हा युक्तिवाद मी वरिष्ठांकडून बऱ्याचदा ऐकलाय. ज्यांचं बिघडतं ते पुन्हा त्याच खुर्चीत येत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

तेव्हा सीबीसीटी काढा आणि हाडाच्या उंचीचा मिलिमीटरमधला आकडा मागा. 8 किंवा जास्त असेल तर बहुधा काही भरायला नको. 5 ते 8 मध्ये खालूनच तळ 3-4 मिमी उचलून त्याच दिवशी इम्प्लांट बसतो, किंवा आखूड इम्प्लांटवर भागतं. (हातोडीचे ठोके बसून काहींना नंतर गरगरतं. ते बरं होतं, पण आधी सांगायला हवं.) 4 च्या खाली असेल तर पहिले डॉक्टर बरोबर आहेत. 4 ते 5 मध्ये इम्प्लांट घट्ट बसला तर लिफ्टबरोबरच चालतो, न बसल्यास काढून ठेवायची हिंमत हवी.

नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, स्ट्रॉ आणि विमान बंद. थोडं रक्त नाकातून येतं, घाबरू नका. नाकातून दाणे येऊ लागले तर त्याच दिवशी फोन करा.

आईंना साखर असेल तर एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आधी तपासा. हाडं ठिसूळ म्हणून झोलेड्रोनेटसारखं इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा, तिथे सगळा बेत बदलू शकतो. आणखी एक, जे बरेच जण सांगत नाहीत: सर्वात जास्त वापरले जाणारे दाणे गाईच्या हाडापासून बनतात आणि बरीच मेंब्रेन डुकराच्या कोलॅजनची असतात. आईंना चालणार नसेल तर कृत्रिम हायड्रॉक्सीअपॅटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिळतं, स्वतःच्या जबड्याचं हाडही घेता येतं. पण हे टेबलावर झोपण्याआधी विचारा.

खर्चाचा एकच आकडा घेऊ नका. स्कॅन, ग्राफ्ट, मेंब्रेन, इम्प्लांट, टोपी वेगवेगळं लिहून मागा. ग्राफ्ट बहुधा ग्रॅमवर विकतात. गाईच्या हाडाचे बारीक दाणे अर्धा ग्रॅम म्हणजे साधारण एक सीसी, त्यावरून किती कुप्या लागल्या ते ताडता येतं. प्रत्येक कुपीवर लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो आईंच्या फाइलला लावून घ्या.