वाचकांचे प्रश्न : मंदावलेला लॅपटॉप आणि मोजके पैसे

प्रश्न : देवगड तालुक्यात आमचा हापूस विक्रीचा लहानसा व्यवसाय आहे. २०१७ साली घेतलेल्या लॅपटॉपवर (सेलेरॉन एन३०६० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०) आम्ही बिले करतो आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या मागण्या व्हॉट्सॲपवर नोंदवतो. यंत्र सुरू होऊन कामाला लागेपर्यंत दहा मिनिटे जातात. एक दुरुस्तीवाले रॅम वाढवा म्हणतात, दुसरे नवाच घ्या म्हणतात. हंगामापूर्वी चार हजारांहून अधिक खर्च झेपणार नाही. काय करावे? – एक वाचक, देवगड

उत्तर : आपली हार्ड डिस्क मूळचीच असेल, तर तिने बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून वेग वाढवण्याच्या विचारापूर्वी हिशेबाच्या आणि गिऱ्हाइकांच्या यादीच्या फाइलींची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास हे काम आजच उरकावे.

त्यानंतर यंत्र नेमके कुठे अडते ते पाहावे, कारण दोन दुरुस्तीवाल्यांचे दोन सल्ले बहुधा हे न पाहताच दिलेले असतात. लॅपटॉप सुरू झाल्यावर काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्क आणि मेमरी (म्हणजे रॅम) या दोन रकान्यांवर लक्ष ठेवावे. मेमरी साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास असूनही डिस्कचा आकडा कित्येक मिनिटे शंभराला चिकटून राहत असेल, तर दोष डिस्कच्या संथपणाचा आहे. उलट डिस्क लवकर शांत होत असेल, पण ब्राउझर आणि बिलाचा प्रोग्राम उघडताच मेमरी नव्वदीच्या पुढे जाऊन डिस्क पुन्हा शंभरावर चढत असेल, तर रॅम अपुरी पडते आहे. ओसरीवर जागा उरली नाही की आंब्याच्या पेट्या खळ्यात नेऊन ठेवाव्यात आणि लागतील तशा पुन्हा आत आणाव्यात, तसे रॅम भरल्यावर विंडोज काही मजकूर डिस्कवर ठेवते आणि परत उचलते. ही ने-आण संथ डिस्कवर होत असल्यामुळे रॅमची कमतरताही आपल्याला डिस्कचीच तक्रार म्हणून दिसते.

म्हणूनच चार हजारांत एकच वस्तू बसणार असेल, तर ती एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅपटॉपमधल्या जुन्या हार्ड डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि विखुरलेल्या लहान-लहान फाइली वाचताना तिच्या वाचणाऱ्या टोकाला दर वेळी जागा शोधत फिरावे लागते; एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, त्यामुळे हा शोधण्याचा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच असंख्य लहान फाइली वाचल्या जातात. आपल्याला अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी लागेल आणि कामाचे स्वरूप पाहता २४० किंवा २५६ जीबी पुरेशी आहे. भाव सध्या स्थिर नसल्यामुळे दोन दुकानांत चौकशी करून, पावती आणि हमी घेऊनच खरेदी करावी. काढलेली हार्ड डिस्क चांगली निघाली, तर ती स्वस्तातल्या यूएसबी केसिंगमध्ये बसवून जुनी छायाचित्रे ठेवायला वापरता येईल.

नव्या डिस्कवर विंडोज नव्याने घालून घ्यावी. आपला परवाना डिजिटल आणि मदरबोर्डशी जोडलेला असेल, तर डिस्क बदलल्याने तो जात नाही. तेव्हा दुकानदार ‘क्रॅक’ केलेली प्रत घालू लागल्यास नकार द्यावा. तशा प्रतींतून आलेले छुपे प्रोग्राम प्रोसेसर खात बसतात, मग एसएसडीवर केलेला खर्च वाया गेल्यासारखाच.

रॅमचा विचार पैसे उरल्यास करावा. या प्रोसेसरला डीडीआर३एल जातीची रॅम लागते आणि तो ८ जीबीपर्यंतच चालवतो; डीडीआर४ची पट्टी खाचेत बसतच नाही. आपल्या मॉडेलमध्ये एकच खाच असेल, तर ४ जीबी काढून ८ जीबीची एकच पट्टी घालावी लागेल. तोवर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातले अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत, विंडोजसोबत येणारे अँटिव्हायरस चालू असताना दुसरे ठेवू नये आणि क्रोम वापरत असल्यास त्यातील मेमरी सेव्हर चालू करावे. ‘पीसी क्लीनर’ आणि ‘ड्रायव्हर बूस्टर’ अशा नावांच्या फुकट प्रोग्रामांपासून चार हात दूर राहावे. ते स्वतःच स्टार्टअपमध्ये ठाण मांडतात.

हे सर्व करूनही दोन गाभ्यांचा (कोअरचा), सहा वॅटचा प्रोसेसर तोच राहणार आहे. बिले, एक्सेल आणि व्हॉट्सॲप सुरळीत चालेल, मात्र त्याच वेळी व्हिडिओ कॉल आणि दहा टॅब मागू नयेत. शिवाय हा प्रोसेसर विंडोज ११ चालवू शकणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज १०च्या २२एच२ आवृत्तीसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. त्यासाठी सेटिंग्जमध्ये, विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. पुढे बिलाचा प्रोग्राम विंडोजवर अडून नसेल, तर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीवर चांगली चालते आणि इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठीही टंकता येते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी, प्रिंटर चालतो का तेही तपासावे.

प्रश्न : मालवणला आमचा होमस्टे आहे. नोंदणीसाठी घेतलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये ३२ जीबी जागा आहे आणि ती सतत भरलेली असते. यालाही एसएसडी बसेल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : बहुधा नाही. अशा लॅपटॉपमधील ईएमएमसी साठवण (डिस्कऐवजी वापरलेली चिप) मदरबोर्डवर डाख देऊन बसवलेली असते. काही मॉडेलांत एम.२ची (पट्टीसारख्या लहान एसएसडीसाठीची) रिकामी खाच असते, तेवढी पाहून घ्यावी. नसल्यास या यंत्रावर खर्च करू नये. विंडोज ११ला किमान ६४ जीबी जागा लागते. पाहुण्यांची छायाचित्रे मेमरी कार्डवर हलवून जमेल तेवढे दिवस काढावेत आणि पुढे रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) लॅपटॉप घेणार असल्यास विंडोज ११ चालावी म्हणून आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर असलेलाच घ्यावा.

प्रश्न : पावसाळ्यात लॅपटॉप अधिकच मंद होतो, हा भास आहे का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : भास नसावा. दमट, खारट हवेत पंख्यावरची धूळ चिकटून बसते, उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. दर वर्षी पावसाळ्याआधी पंखा साफ करून घ्यावा आणि यंत्र जुने असल्यास थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्यावी. मूळ चार्जर जळाल्यावर साधा आणला असेल, तर तेही कारण असू शकते. काही लॅपटॉप अनोळखी चार्जर जोडताच प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. चार्जर काढून, भरलेल्या बॅटरीवर यंत्र जलद चालते का, हे पाहिल्यास लगेच कळेल.